नाव काढा, तळटीप द्या

कायद्याच्या जर्नलला पेपर पाठवायचा म्हटलं की पहिलं काम असतं ते स्वतःचं नाव खोडण्याचं. पहिल्या पानावरचं नाव तर जातंच. शिवाय ‘मी अन्यत्र म्हटल्याप्रमाणे’ अशी ओळख फोडणारी वाक्यं, कॉलेजचं नाव, ज्येष्ठांचे आभार, आणि वर्डच्या फाइलमध्ये ‘ऑथर’ म्हणून संगणक आपणहून जे नाव चिकटवतो तेही. हे शेवटचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक, अशी ही व्यवस्था आहे. नाव-पत्ता-हुद्दा वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल संपादकांपाशीच राहते.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात उभं आयुष्य काढणाऱ्याला हे जड जातं, कारण आमचा सगळा व्यवसाय नावावर चालतो. सीबीएस बसस्थानकाजवळच्या इमारतींच्या जिन्यांत एकावर एक लागलेल्या पाट्या बघा. वकीलपत्रावर नाव, बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीवर, नाव. बार रूममध्ये कोण कुणाचा ज्युनियर होता हे सगळ्यांना पाठ. एखादा मुद्दा किती वेळ ऐकून घेतला जाईल हे पुष्कळदा तो कोण मांडतंय यावर ठरतं. ज्येष्ठ वकील उभे राहिले की त्यांच्या आवाजानेच अर्धा युक्तिवाद होतो. जर्नलमध्ये आवाज नाही आणि नावही नाही. राहतं ते वाक्य आणि त्याच्या खालची तळटीप.

माझ्या पेपरचा विषय अगदी इथला, द्राक्षांचा. ऑक्टोबर छाटणीच्या बागा जानेवारीपासून खुड्याला येतात. परराज्यातला व्यापारी स्थानिक मध्यस्थाला हाताशी धरून निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शिवारात उतरतो. सौदा बांधावर, वजन बांधावर, क्रेट भरले की गाडी रवाना. पहिल्या काही गाड्यांचे पैसे रोख आणि वेळेवर. हंगाम भरात आला की चेक सुरू होतात. मग एक दिवस चेक वटत नाही, फोन लागत नाही, भाड्याने घेतलेलं गोडाऊन रिकामं असतं. अशा बातम्या इथल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. आमच्याकडे त्या बातम्यांतली माणसंच येतात, चेक न वटल्याचा बँकेचा मेमो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. ‘ताई, पैसे भेटतील ना?’ हा प्रश्न बसायच्या आधीच.

पुढचं सगळं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये. चेक न वटणं हा १९८९ पासून गुन्हा आहे. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या महिन्याभरात फिर्याद. मुदती चोख आहेत. प्रश्न होता तो फिर्याद कुठे करायची याचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चेक ज्या बँकेवर काढला, ती शाखा जिथे असेल तिथल्या न्यायालयात. म्हणजे चेक कोलकात्याच्या शाखेचा असेल तर निफाडच्या बागायतदाराने कोलकात्यात वकील शोधायचा. ज्या प्रकरणांत पुरावा नोंदवायला सुरुवात झालेली नव्हती, त्या फिर्यादी योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत द्यायच्या होत्या. अशी परत मिळालेली फाइल हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘अधिकारक्षेत्र’ समजावून सांगणं काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. सुदैवाने १५ जून २०१५ ला वटहुकूम आला, मागोमाग दुरुस्ती कायदा आला, आणि फिर्यादीचं खातं ज्या शाखेत असेल तिथलं न्यायालय पुन्हा सक्षम झालं.

या उलथापालथीवर जर्नलांमधून बरंच लिहिलं गेलं. ते साहजिकही होतं. तीन न्यायमूर्तींचा निकाल, त्याने बाजूला सारलेला १९९९ चा भास्करन खटला, मग संसदेने फिरवलेलं चक्र. पेपरला यापेक्षा चांगला ऐवज कुठला? पण मला वाचायला मिळालेल्या बहुतेक लेखांची गोष्ट २०१५ च्या दुरुस्तीपाशी संपत होती. जणू फिर्याद निफाडला आली की काम झालं. आमचं काम तिथून सुरू होतं. अधिकारक्षेत्र निफाडला आलं, आरोपी आला नाही. समन्स जातं आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. पुढची तारीख. कलम १४३ म्हणतं, फिर्याद दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न हा शब्द कायदा करणाऱ्याने विचारपूर्वकच घातला असणार.

एवढं मला लिहायचं होतं. कुठे पाठवायचं हा पुढचा प्रश्न.

इथे दोन अगदी वेगळे रिवाज आहेत. अमेरिकेतली लॉ रिव्ह्यू बहुतांशी विद्यार्थी चालवतात. हार्वर्डचं लॉ रिव्ह्यू १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलं आणि आजही तेच चालवतात. १९९० मध्ये त्या मंडळाच्या अध्यक्षपदी बराक ओबामा नावाचा विद्यार्थी निवडून आला होता. तिथे एकच पेपर एकाच वेळी अनेक रिव्ह्यूंना पाठवणं रीतसर मानलं जातं. एकाने स्वीकारला की लेखक त्याहून नावाजलेल्या दुसऱ्याला कळवतो, की माझ्या हातात होकार आहे, तुम्ही अमुक तारखेआधी सांगा. बाजार समितीत लिलावाच्या वेळी असतं तसंच हे, फक्त सगळं ईमेलवर आणि फार नम्र भाषेत. आपल्याकडे आणि इंग्लंडात, जिथे विषयाचे जाणकार पेपर तपासतात, तिथे नेमकं उलट. ‘हा लेख अन्यत्र विचाराधीन नाही’ असं लिहून द्यावं लागतं. एकाच दारात उभं राहायचं, उत्तराला महिनोन्‌महिने लागले तरी. दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं जर्नल १९५८ पासून निघतंय. शिवाय बंगळुरूसारख्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून विद्यार्थ्यांनी चालवलेली जर्नलं आहेत, आणि त्यांतली काही दोन्ही रीतींची सांगड घालतात: संपादक विद्यार्थी, परीक्षक बाहेरचे. मी अशाच एकाकडे पाठवला.

पेपर लिहिण्याआधी वाचावं लागतं, आणि तिथे नाशिक मुंबई-पुण्याहून बरंच दूर पडतं. गोष्टी-कादंबऱ्यांसाठी १८४० पासूनचं आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, आहे. बार लायब्ररीत निकालांचे खंड मिळतात. पण जर्नलांचे ऑनलाइन संग्रह वर्गणीवर चालतात आणि ती वर्गणी संस्थांच्या ऐपतीने ठरलेली असते. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची योजना, पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. खासगी वकिली करणारी बाई त्यात कुठे बसते? ज्या लेखांच्या लेखकांना मी थेट लिहिलं त्यांनी आपले लेख पाठवून दिले. प्राध्यापक मंडळी या बाबतीत आम्हा वकिलांपेक्षा कितीतरी उदार निघाली. आमच्यात निकालाची झेरॉक्ससुद्धा मोजूनमापून दिली जाते.

तळटीपांच्या पद्धतीवर फार बोलत नाही. अमेरिकेत ब्लूबुक, १९२६ मध्ये सुरू झालेलं. इंग्लंडात ऑक्सफर्डची ऑस्कोला, जिला विरामचिन्हांचं वावडं. खटल्याच्या नावात दोन पक्षकारांच्या मध्ये येणाऱ्या ‘व्ही’नंतर टिंब द्यायचं की नाही, यावर दोन खंडांत एकमत नाही. पेपर एका जर्नलकडून नाकारला गेला आणि दुसऱ्याची पद्धत वेगळी असली, की सगळी टिंबं पुन्हा वेचावी लागतात. हे काम ज्युनियरवर ढकलण्याचा मोह होतो. मी ढकललं.

मग साम्यतपासणी. युजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्या आहेत: १० ते ४०, ४० ते ६०, आणि ६० च्या वर. कायद्याचा मजकूर या मोजणीत धरायचा नाही असं त्याच विनियमांत लिहिलंय, पण सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? कलम १३८ जसंच्या तसं उतरवलं, परंतुकांसकट, म्हणजे ‘परंतु’ने जोडलेल्या अटींसकट, तर पानभर लाल होतं. संसदेचं वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणजे साम्य कमी होईल, असा सल्ला मला एका सद्‌गृहस्थांनी दिला. कायद्याच्या माणसाने कायदा स्वतःच्या शब्दांत लिहायला लागावं यासारखी भयंकर सूचना नाही. एका ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आला तर आरोपी सुटतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. संपादकांकडून पेपर पहिल्यांदा परत आला तेव्हा समासात रंगीत चौकटी भरलेल्या होत्या. लिहिणारी मुलं विशीतली, चौथ्या-पाचव्या वर्षाची. भाषा अतिशय सभ्य. माझ्या ज्या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त भरवसा होता, ‘परराज्यातील आरोपीवर समन्सची बजावणी न होणे हाच अशा खटल्यांतील सर्वांत मोठा अडथळा आहे’, त्याच्या शेजारी एवढंच होतं: स्रोत?

मी चिडले. स्रोत मी आहे. स्रोत म्हणजे निफाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहिलेले माझे पाय. ज्युनियर म्हणाली, ‘मॅडम, सोमवारचं बोर्ड जोडून पाठवा की.’ ती चेष्टेने म्हणाली होती, पण त्यात तथ्य होतं. कोर्टात मी समोरच्या साक्षीदाराला हेच विचारते ना? तुम्हाला हे कसं माहीत? स्वतः पाहिलंत की ऐकलंत? उलटतपासाचा पहिला धडा माझ्यावरच लागू झाला होता, आणि प्रश्न विचारणाऱ्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित त्याने विचारलं नसतं. नाव खोडण्याचा उपयोग मला तिथे कळला.

पण ‘स्रोत?’ या प्रश्नाच्या पोटात एक अन्यायही आहे. कायद्याच्या लिखाणात स्रोत म्हणजे छापला गेलेला निकाल. नागपूरहून निघणारं ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे आमचं एआयआर, १९१४ पासूनचे निकाल देतं. एससीसी, म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’, १९६९ पासून. त्यांत येतात उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे निकाल. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर समन्स किती वेळा परत आलं याचा निकाल लागत नाही, म्हणून तो छापला जात नाही, म्हणून त्याला तळटीप नाही, म्हणून ते विद्वानांच्या लेखी घडलेलंच नसतं. अधिकारक्षेत्राचा वाद दिल्लीपर्यंत गेला, त्याच्यावर लेख झाले. न बजावलेलं समन्स दिल्लीला जात नाही. नाशिकचं नाव कायद्याच्या इतिहासात येतं ते कलेक्टर जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यामुळे, आणि गोळी विजयानंद नाट्यगृहात झाडली गेली तरी ती झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांचा खटला चालला मुंबईला. वर गेलं की दिसतं.

वर गेलेलं तरी कोण वाचतं, असंही आहे. १९७८ मध्ये मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना सोडून दिलं. आपल्याच राज्यातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा तो खटला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पुढे एससीसीच्या जर्नल विभागात छापलं गेलं, ज्या खंडांत निकाल येतात त्याच खंडात. बार लायब्ररीत मी ते पान काढून वाचलं आहे. राग आहे, पण प्रत्येक आरोपाला निकालातल्या वाक्याचा आधार दिलेला. पुढे देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच्याही आधीचं उदाहरण म्हणजे १८९० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत आलेला वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा त्या लेखाची दखल घेतली. हे दोघे काही प्राध्यापक नव्हते. बोस्टनमध्ये भागीदारीत वकिली केलेले होते. हे मी बार रूममध्ये मुद्दाम सांगते. पेपर लिहिणं हे कॉलेजवाल्यांचं काम, आपण केस लढवायची, अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे.

तर स्रोत. माझ्या कपाटातल्या फायली पुराव्याला पुरेशा नव्हत्या, कारण त्या माझ्याकडे आलेल्या माणसांच्याच होत्या. मग ई-कोर्टच्या संकेतस्थळावर बसलो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की प्रत्येक तारीख आणि ती कशासाठी नेमली होती ते दिसतं. समन्स. समन्स. अनरेडी, म्हणजे खटला अजून सुनावणीला तयार नाही. मग एन.बी.डब्ल्यू., म्हणजे अजामीनपात्र वॉरंट, त्यापुढेही पुन्हा ‘अनरेडी’. ज्युनियर वाचायची, मी वहीत उतरवायचे. कोर्ट सुटल्यावर, कॉलेज रोडची गर्दी ओसरेपर्यंत. आरोपी हजर होण्याआधीच्या तारखांचा रकाना पानामागून पान भरत गेला, हजर झाल्यानंतरचा बहुतेक रिकामाच. समासातल्या प्रश्नाला हे उत्तर होतं.

त्याच वहीत मी न शोधलेली एक गोष्टही सापडली. काही प्रकरणांत आरोपी अखेर हजर झाला होता आणि त्यानंतर फिर्यादी यायचा थांबला होता. तारखा पाहिल्या तर सप्टेंबर अखेर, ऑक्टोबर. छाटणी. त्या दिवसांत माणूस बाग सोडून कोर्टात येत नाही. गेल्या वर्षीच्या बुडालेल्या पैशांसाठी या वर्षीचं पीक कोण बुडवेल? काही खटले तर फिर्यादी गैरहजर म्हणून काढून टाकलेले. कुठल्याही निकालपत्रिकेत हे सापडणार नाही. पेपरमध्ये त्याचा वेगळा भाग झाला, आणि परीक्षकांपैकी एकाने फक्त त्या भागाबद्दल चांगलं लिहिलं. बाकीचा पेपर त्यांच्या मते ‘वर्णनात्मक’ आहे. हा शब्द कायद्याच्या जर्नलांत शिवीसारखा वापरतात.

या सगळ्या काळात व्हॉट्सॲपवर रोज निरोप येत होते: दोन दिवसांत पेपर प्रसिद्ध, आयएसएसएन क्रमांकासह, सोबत प्रमाणपत्र, फी अमुक, सहलेखक जोडल्यास थोडी जास्त. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा काही संबंध नाही, हे फी भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. युजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी काढली होती, २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद केल्याचं जाहीर केलं; पीएच.डी.साठी प्रबंधाआधी पेपर छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली. दुकानं चालूच आहेत. बढतीसाठी पेपर मोजतात, वाचत नाहीत, तोवर ती चालणार. यापेक्षा जास्त जागा त्यांना देत नाही.

दुसऱ्या फेरीत संपादकांनी विचारलं, की लेखातल्या शेतकऱ्यांच्या हकिकती अशिलांच्या आहेत का. योग्य प्रश्न. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर सांगता येत नाही; आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. जे कोर्टाच्या उघड नोंदीत नाही ते सगळं मी काढलं. पेपर रोडावला. एक फार चांगली हकीकत गेली, जी इथेही सांगता येणार नाही.

रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात झालेल्या कामाच्या नोंदीची, तळटीप कशी द्यायची हेही ठरलेलं नव्हतं. त्यांच्या नियमावलीत तालुका न्यायालयाच्या मराठी रोजनाम्याला नमुनाच नाही. संपादक मंडळातल्या एका मुलीने स्वतःच एक नमुना करून पाठवला: न्यायालय, प्रकरण क्रमांक, सीएनआर, तारीख, ‘मूळ मराठी’. मी म्हटलं, ‘मिळून आला नाही’ हा शेरा देवनागरीतच राहू दे, खाली इंग्रजी अर्थ द्या. त्यांच्या छपाईच्या साच्यात देवनागरी बसते का ते बघून सांगतो म्हणाले.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलेलं नाही. दुसऱ्या परीक्षकांना मध्यस्थांवरचा परिच्छेद विषयबाह्य वाटतो, तो काढावा असं त्यांचं म्हणणं. मी तो काढणार नाही असं सविस्तर उत्तर लिहिते आहे. चेकवर सही व्यापाऱ्याची, म्हणून १३८ खाली आरोपी तोच. कंपनी असेल तर १४१ खाली तिचा कारभार पाहणारे. पण त्याला बांधावर घेऊन आलेला, ‘माणूस खात्रीचा आहे’ म्हणून शब्द दिलेला मध्यस्थ त्याच तालुक्यात राहतो. त्याचा पत्ता सगळ्या गावाला माहीत आहे, त्याच्यावर समन्स एका दिवसात बजावलं जाईल, आणि या कायद्यात त्याला कुठेही जागा नाही.